‘पाच वर्षांत तीस टक्के’: एका आकड्याचा माग काढताना

मागच्या वर्षी मावशीचा फोन आला. तिची पाळी जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. “अगं, मोबाईलवर एक बाई सांगत होती, पाळी गेली की पाच वर्षांत चेहऱ्यातलं तीस टक्के कोलॅजन निघून जातं म्हणे. खरं आहे का गं? तू असलंच काहीतरी शिकतेस ना?” मी लॅबमध्ये होते, सेंट्रिफ्यूज थांबायला चार मिनिटं होती. मी म्हटलं, “हो मावशी, खरं आहे. पेपरमध्ये आहे.”

ते वाक्य मी एका रिव्ह्यूमध्ये वाचलं होतं. मूळ पेपर मी उघडलासुद्धा नव्हता. त्याच रिव्ह्यूवरून उचलून ते मी आमच्या जर्नल क्लबच्या स्लाइडवरही टाकलं होतं आणि खोलीतल्या एकानेही ‘हे मोजलं कुणी?’ असं विचारलं नव्हतं.

मावशीचं पुढे काय झालं ते शेवटाकडे सांगते. आधी तो आकडा आणि त्याच्या जोरावर लिहून दिली जाणारी औषधं. तुमच्यापैकी बरेच जण पीएचडीच्या तयारीत आहेत, पहिला लिटरेचर रिव्ह्यू लिहीत आहेत. मी केलेली चूक तुम्ही करू नये, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी थोडी पार्श्वभूमी

त्वचेच्या आतल्या थरात, म्हणजे डर्मिसमध्ये, फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. त्या कोलॅजन तयार करतात. या पेशींवर इस्ट्रोजेनचे रिसेप्टर असतात. त्यामुळे रजोनिवृत्तीच्या आसपास इस्ट्रोजेन घसरलं की त्वचेवर परिणाम होणार, हे अनुमान अगदी योग्य आहे. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास सांगितलं जातं. त्याआधी-नंतरच्या काही वर्षांत त्वचा कोरडी पडणं, खाज सुटणं, अचानक लाली येणं, हनुवटीवर राठ केस येणं, या तक्रारी घराघरात ऐकू येतात.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे उपाय ढोबळमानाने तीन. पहिला, पोटातून किंवा पॅचमधून दिलेली हार्मोन्स. दुसरा, चेहऱ्याला लावायचं इस्ट्रोजेन, म्हणजे एस्ट्राडायॉल किंवा एस्ट्रिऑलचं क्रीम. तिसरा, ट्रेटिनॉइन, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध. वांग, रोझेशिया यांसाठी वेगळी औषधं असतात, त्यात आज शिरत नाही. या तिन्हींच्या जाहिरातीत किंवा माहितीपत्रकात पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: पाच वर्षांत तीस टक्के.

आकडा येतो कुठून

माग काढत गेलं की आपण १९८० च्या दशकातल्या लंडनमध्ये पोहोचतो. मार्क ब्रिंकॅट आणि त्यांचे सहकारी. ही मंडळी स्त्रीरोगतज्ज्ञ होती आणि त्यांचं कुतूहल हाडांशी जोडलेलं होतं. १९४१ मध्येच बोस्टनच्या फुलर ऑलब्राइट यांनी नोंदवलं होतं, की पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ झालेल्या स्त्रियांची त्वचाही पातळ दिसते. हाडाचा सांगाडाही कोलॅजनचा, त्वचेचाही कोलॅजनचा. मग त्वचेत जे घडतं ते हाडात घडणाऱ्याचं प्रतिबिंब असेल का? प्रश्न चांगला होता.

१९८३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा एक छोटा पेपर आला. पाळी गेलेल्या स्त्रियांचे दोन गट. एका गटाला काहीच उपचार नाही, दुसऱ्या गटाला एस्ट्राडायॉल आणि टेस्टोस्टेरॉनचं इम्प्लांट. दोन्ही गटांच्या त्वचेचे छोटे तुकडे घेऊन त्यातलं हायड्रॉक्सिप्रोलिन मोजलं. हे अमिनो आम्ल शरीरात मुख्यतः कोलॅजनमध्येच सापडतं, म्हणून ते मोजलं की कोलॅजनचा अंदाज येतो. उपचार घेतलेल्या गटात कोलॅजन ४८ टक्के जास्त निघालं. पुढच्या काही पेपरांत याच गटाने कोलॅजन आणि त्वचेची जाडी पाळी गेल्यानंतरच्या वर्षांसोबत कशी घटते, ते मांडलं. ‘दर वर्षी साधारण दोन टक्के’ हा आकडा तिथला. पहिल्या पाच वर्षांतले तीस टक्केही याच कामाच्या नावावर सांगितले जातात.

पेपर वाईट नाहीत. चाळीस वर्षांपूर्वी जेवढं करता येत होतं तेवढं नीट केलेलं काम आहे. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही, पुढे आपण सगळ्यांनी त्या आकड्याचं जे केलं त्याबद्दल आहे. पेपर शांतपणे वाचला तर चार गोष्टी लगेच दिसतात.

एक, त्वचेचा तुकडा मांडीचा होता. चेहऱ्याचा नव्हता. चेहऱ्याचा तुकडा कुणी सहजासहजी काढू देणार नाही, हे उघड आहे. पण मांडीवर ऊन पडत नाही आणि गालावर चाळीस-पन्नास वर्षं पडलेलं असतं.

दोन, घटीचा आलेख एकाच बाईला पाच-दहा वर्षं मोजून काढलेला नाही. पाळी जाऊन एक वर्ष झालेली बाई वेगळी, पाच वर्षं झालेली वेगळी, पंधरा वर्षं झालेली वेगळी. या सगळ्यांचे बिंदू एका कागदावर मांडून त्यांतून रेघ ओढलेली. समजा, तुमच्या गावात आज एकाच दिवशी वीस, चाळीस आणि सत्तर वर्षांच्या बायकांची उंची मोजली. सत्तरीच्या बायका बऱ्याच बुटक्या निघतील. वयाने माणूस थोडा खचतो हे खरं, पण त्यातला मोठा भाग त्यांच्या लहानपणीच्या खाण्यापिण्याचा असतो. फक्त रेघ बघून ‘माणूस पन्नास वर्षांत इतके इंच आखडतो’ असं म्हटलं तर फसगत होते. या पद्धतीच्या अभ्यासाला क्रॉस-सेक्शनल म्हणतात. त्यातून ‘फरक आहे’ एवढं कळतं. ‘अमुक इतकं गेलं’ हे कळत नाही.

तीन, उपचाराचा गट चिठ्ठ्या टाकून ठरवलेला नव्हता आणि इम्प्लांटमध्ये दोन हार्मोन्स होती. त्यामुळे ४८ टक्क्यांचं श्रेय इस्ट्रोजेनचं, टेस्टोस्टेरॉनचं, दोघांचं, की इम्प्लांट घेणाऱ्या बायकाच मुळात वेगळ्या होत्या त्याचं, हे त्या रचनेतून सुटं करता येत नाही.

चार, मोजलं ते कोलॅजन. सुरकुती नाही, कोरडेपणा नाही, खाज नाही. मावशीची तक्रार मात्र कोरडेपणाची आणि खाजेची होती. ‘माझं हायड्रॉक्सिप्रोलिन कमी झालंय’ असं काही ती म्हणाली नव्हती.

आता जाहिरातीतलं वाक्य पुन्हा वाचा: ‘चेहऱ्यातलं तीस टक्के कोलॅजन निघून जातं.’ यातला ‘चेहऱ्यातलं’ हा शब्द त्या मांडीच्या तुकड्यात नव्हताच. तो वाटेत कुठेतरी चिकटला. आणि मीही तो न तपासता पुढे ढकलला.

मांडी आणि गाल

तुम्ही म्हणाल, मांडीची त्वचा काय नि गालाची काय, इस्ट्रोजेन दोन्हीकडे सारखंच वागणार. हे तपासणारे दोन अभ्यास आहेत. ते शेजारी ठेवून वाचले की मजा येते.

पहिला १९९४ चा, कॅनडातला. माहो आणि सहकाऱ्यांनी पाळी गेलेल्या ६० नन्स निवडल्या. चिठ्ठ्या टाकून काहींना इस्ट्रोजेनच्या गोळ्या, काहींना हुबेहूब दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या, म्हणजे प्लासिबो. बारा महिन्यांनी मोजलं, तर इस्ट्रोजेनच्या गटात मांडीच्या वरच्या भागातली त्वचा जाड झाली होती. इथे चिठ्ठ्या टाकल्या आहेत, प्लासिबो आहे आणि एकाच बाईची आधीची-नंतरची तुलना आहे. म्हणजे इस्ट्रोजेनचा त्वचेवर परिणाम होतो, ही गोष्ट पक्की. लंडनच्या मंडळींची मूळ कल्पना इथपर्यंत बरोबर ठरते. पण बघा, पुन्हा झाकलेलीच त्वचा.

दुसरा २००८ चा, अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातला. लॉर रिटिए आणि सहकाऱ्यांनी एस्ट्राडायॉल त्वचेवर लावलं, ०.०१ पासून २.५ टक्क्यांपर्यंत वेगवेगळ्या प्रमाणात. एकूण ७० जण, त्यात पाळी गेलेल्या ४० स्त्रिया. औषध कंबरेखाली, कपड्याने झाकलेल्या भागावर लावलं तेव्हा नवं कोलॅजन तयार होण्याची प्रक्रिया वाढली. तेच औषध उन्हाने खराब झालेल्या हातावर आणि चेहऱ्यावर लावलं तेव्हा वाढली नाही. औषध तेच, पण जागा बदलली की उत्तर बदललं.

अर्थात हा पेपरही डोळे झाकून मानायचा नाही. त्यातल्या लोकांचं सरासरी वय पंचाहत्तरीच्या आसपास होतं आणि औषध फक्त दोन आठवडे लावलं होतं. पन्नाशीतल्या बाईने ते वर्षभर लावलं तर काय होईल, याचं उत्तर त्यात नाही. पण एक गोष्ट मात्र त्याने नक्की केली. मांडीवरून गालाचा अंदाज बांधायचा असेल, तर तो बांधणाऱ्यानेच आधी पुरावा द्यावा.

मग चेहऱ्यावर कोणी तपासलं?

तपासलं आहे, आणि गंमत म्हणजे हे पेपर माहितीपत्रकांत क्वचितच दिसतात.

आधी १९९७ चा एक मोठा सर्वेक्षणाचा अभ्यास. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणातल्या ३,८७५ स्त्रिया. इस्ट्रोजेन घेणाऱ्यांमध्ये सुरकुत्या आणि कोरडेपणा कमी आढळला. हा पेपर सगळे सांगतात. पण इस्ट्रोजेन कोण घेत होतं? त्या काळी अमेरिकेत हार्मोन्स घेणाऱ्या बायका साधारणपणे जास्त शिकलेल्या, डॉक्टरांकडे नियमित जाणाऱ्या, तब्येतीला जपणाऱ्या असत. अभ्यासकांनी वय, ऊन, धूम्रपान यांचा हिशेब घातला होता, तरी असा सगळा फरक गणिताने पुसता येत नाही. हृदयविकाराच्या बाबतीत हाच फटका बसला. सर्वेक्षणं सांगत होती की हार्मोन्स हृदयाला वाचवतात. मग १६,६०८ स्त्रियांवर प्लासिबोसकट वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हची चाचणी झाली आणि २००२ मध्ये ती मध्येच थांबवावी लागली. हृदयाचं ते संरक्षण त्यात दिसलं नाही. उलट स्तनाच्या कर्करोगासारखे धोके वाढलेले दिसले. त्या निकालांचा अर्थ कोणत्या वयाच्या बाईला कसा लावायचा यावर पुढे बराच वाद झाला आणि आज चित्र अधिक बारकाईने पाहिलं जातं. पण नुसत्या सर्वेक्षणावर विसंबू नये, हा धडा कायम राहिला.

त्वचेसाठी चिठ्ठ्या टाकून केलेल्या दोन चाचण्या महत्त्वाच्या. २००८ मध्ये टानिया फिलिप्स आणि सहकाऱ्यांची: ४८५ स्त्रिया, ४८ आठवडे, कमी मात्रेतली हार्मोन्स विरुद्ध प्लासिबो. चेहऱ्याच्या सुरकुत्यांत ठळक फरक नाही. दुसरी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली, क्रोनॉस नावाच्या मोठ्या चाचणीचा भाग. यात पाळी जाऊन तीन वर्षांच्या आतल्याच स्त्रिया होत्या, म्हणजे जिथे फायदा दिसायची शक्यता सर्वांत जास्त. चार वर्षं गोळी, पॅच किंवा प्लासिबो. चेहऱ्यावरच्या अकरा जागी सुरकुत्यांना गुण दिले, कपाळ आणि गालावर त्वचेचा ताठपणा मोजला. हार्मोन्सनी फरक पडला नाही. सुरकुत्यांचं प्रमाण ठरवण्यात मोठा वाटा स्त्रीच्या वंशाचा, म्हणजे बऱ्याच अंशी त्वचेच्या रंगाचा, दिसला.

इथे दोन सावधगिरीच्या गोष्टी. ‘फरक दिसला नाही’ म्हणजे ‘फरक शून्य आहे’ असं सिद्ध झालं, असा अर्थ घेऊ नका. मात्रा कमी होती, आणि मोजमाप सुरकुत्यांचं होतं. कोरडेपणासाठी हार्मोन्स निरुपयोगी, असंही यातून निघत नाही. शिवाय रात्री घामाने भिजून उठणाऱ्या बाईला हार्मोन्स द्यायची की नाही, हा प्रश्न पूर्ण वेगळा आहे. तिथे त्यांचा उपयोग चांगला सिद्ध झालेला आहे आणि तो निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांचा. पण सुरकुत्यांसाठी हार्मोन्स घ्या, असं सांगणाऱ्याच्या बाजूने या दोन्ही चाचण्या उभ्या राहत नाहीत.

लावायच्या इस्ट्रोजेनची गोष्ट याहून कच्ची. सर्वांत जास्त सांगितला जाणारा अभ्यास १९९६ चा, व्हिएन्नातला. ५९ स्त्रिया, सहा महिने, काहींना ०.०१ टक्के एस्ट्राडायॉल, काहींना ०.३ टक्के एस्ट्रिऑल. दोन्ही गटांत सुरकुत्या कमी झाल्या, त्वचा ओलसर झाली. वाचायला छान वाटतं. पण तिसरा गट कुठे आहे? औषध नसलेलं, नुसतं क्रीम लावणारा? कोरड्या त्वचेला साधं क्रीम सहा महिने रोज लावलं तरी ती टवटवीत दिसते, बारीक रेषा बुजतात. आपल्याकडच्या आज्या रात्री झोपताना तोंडाला साय किंवा खोबरेल लावायच्या, त्यांना हे विज्ञानाशिवाय माहीत होतं. औषध मिसळण्यासाठी वापरलेल्या नुसत्या क्रीमला व्हेइकल म्हणतात. त्वचेच्या औषधाच्या चाचणीत व्हेइकलचा गट नसेल, तर श्रेय औषधाचं की क्रीमचं, हे ठरवता येत नाही.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सुरकुत्यांसाठी एकही इस्ट्रोजेन क्रीम मंजूर केलेलं नाही, आणि एस्ट्रिऑल असलेलं तर कुठलंच औषध तिथे मंजूर नाही. तरी ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं’ म्हणून ही क्रीम तयार करून विकली जातात. चिठ्ठी म्हणजे पुरावा, असा आपला समज असतो. चिठ्ठीचा अर्थ इतकाच, की हे औषध देखरेखीशिवाय वापरू नये.

ट्रेटिनॉइनचं काय?

तिघांत याची बाजू सर्वांत भक्कम. १९८८ मध्ये मिशिगनच्याच त्वचारोग विभागातून जामा या नियतकालिकात एक पेपर आला. ३० जणांनी सोळा आठवडे एका हाताला ०.१ टक्के ट्रेटिनॉइन, दुसऱ्या हाताला व्हेइकल लावलं. त्यांतल्या काहींनी चेहऱ्यालाही. कोणत्या ट्यूबमध्ये काय, हे लावणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला ठाऊक नाही. ट्रेटिनॉइनची बाजू स्पष्ट सुधारली. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं.

पण त्याच पेपरात आणखी एक आकडा आहे: ९२ टक्के लोकांची त्वचा औषधाने लाल झाली, सोलली. आता सांगा, एक हात लाल आणि दुसरा स्वच्छ असेल, तर औषध कोणत्या हाताला लावलंय हे कुणाला कळणार नाही? ब्लाइंडिंग कागदावर होतं, कातडीवर उरलं नव्हतं. शिवाय सुजलेल्या त्वचेत बारीक रेषा तात्पुरत्या बुजतातही.

हा आक्षेप खोडायचा तर डोळ्यांवर न विसंबता मोजावं लागतं. त्याच विभागातून १९९३ मध्ये ख्रिस ग्रिफिथ्स आणि सहकाऱ्यांनी ते केलं. उन्हाने खराब झालेल्या त्वचेचे तुकडे घेऊन दहा ते बारा महिन्यांनी कोलॅजनची निर्मिती मोजली. ट्रेटिनॉइनच्या गटात ८० टक्के वाढ, नुसत्या क्रीमच्या गटात १४ टक्के घट. १९९५ मध्ये त्यांनीच दाखवलं, की ०.०२५ टक्क्यांचं औषध ०.१ टक्क्यांइतकंच काम करतं आणि जळजळ बरीच कमी होते. एखाद्या दाव्यावर शंका आली की त्याची पुढची चाचणी अशी रचायची असते. हे तीन पेपर ओळीने वाचा, पद्धतिशास्त्राच्या एका सत्राचं काम होईल.

मात्र यात एक मेख आहे. या चाचण्या उन्हाने झालेल्या वार्धक्याच्या आहेत. रजोनिवृत्तीच्या नाहीत. १९९५ मध्ये अमेरिकेत रेनोव्हा नावाने ०.०५ टक्के ट्रेटिनॉइन सुरकुत्यांसाठी मंजूर झालं. त्याच्या लेबलवर स्पष्ट लिहिलं होतं, की पन्नाशीच्या पुढच्या आणि मध्यम किंवा गडद वर्णाच्या व्यक्तींमध्ये याची परिणामकारकता सिद्ध झालेली नाही. खोल सुरकुत्या आणि सैल त्वचा यांवर परिणाम दिसलेला नाही, हेही त्यातच होतं. पुढे आलेल्या ०.०२ टक्क्यांच्या क्रीमवर ती वयाची मर्यादा ७१ पर्यंत सरकली. पण पन्नाशीच्या सावळ्या मराठी बाईसाठी म्हणून ज्या औषधाची शिफारस होते, त्याच्या मूळ मंजुरीत नेमकी तीच बाई बाहेर होती. याचा अर्थ तिला ते देऊ नये असा नाही. त्वचारोगतज्ज्ञ विचारपूर्वक, कमी प्रमाणात, हळूहळू देतात. आपल्या वर्णाच्या त्वचेची आग झाली की ती जाताना काळे डाग ठेवून जाते आणि कोरड्या त्वचेची आग लवकर होते, हे त्यांना माहीत असतं. माहितीपत्रकाला ते माहीत नसतं.

मावशीची ट्यूब

आता मावशी. माझं ‘हो, खरं आहे’ ऐकून ती घाबरली. तीनच वर्षं झालीत, म्हणजे अजून दोन वर्षं हातात आहेत, असा तिने हिशेब केला. नुसत्या मॉइश्चरायझरने हे भागणार नाही, ‘डॉक्टरी’ क्रीमच हवं. कुणीतरी नाव सांगितलं, औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय ट्यूब मिळाली. पहिले दोन महिने चेहरा उजळला, खाज थांबली, ती खूश. आठ महिन्यांनी चुलीपुढे उभं राहिलं तरी चेहऱ्याची आग व्हायची आणि गालावर बारीक लाल रक्तवाहिन्या दिसायला लागल्या होत्या.

दिवाळीत गेले तेव्हा मी ट्यूब पाहिली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. तिसरं नाव स्टेरॉइडचं. वांगासाठी थोडे आठवडे, देखरेखीखाली वापरायचं हे मिश्रण आपल्याकडे गोरेपणाचं क्रीम म्हणून सर्रास चेहऱ्याला फासलं जातं. २०११ मध्ये देशातल्या अनेक केंद्रांवर मिळून झालेल्या एका अभ्यासात, चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड्स चिठ्ठीच्या यादीत आणली. मावशीला ट्यूब त्यानंतर मिळाली.

आणि स्टेरॉइड दीर्घकाळ लावलं की काय करतं? फायब्रोब्लास्टचं कोलॅजन बनवणं रोखतं. त्वचा पातळ होते. कोलॅजन जाईल या भीतीने तिने आठ महिने कोलॅजन घटवणारं औषध लावलं, आणि त्या भीतीवर शिक्का माझा होता.

त्वचारोगतज्ज्ञांनी ते बंद केलं. बंद केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत चेहरा आणखी भडकला, तेव्हा तिला पुन्हा तीच ट्यूब लावावीशी वाटत होती. आता ती साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लावते. उन्हात गेलं की गाल अजून लाल होतात. तिच्या मूळ तक्रारीला, म्हणजे कोरडेपणाला आणि खाजेला, पहिल्या दिवसापासून बहुधा एवढंच पुरलं असतं. मी तेव्हा ‘तुला नक्की काय होतंय?’ एवढं विचारलं असतं तर!

तुमच्या रिव्ह्यूसाठी

आकडा वापरण्याआधी हे पाच प्रश्न मी आता स्वतःला विचारते. कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवले आहेत.

१. मूळ पेपर मी स्वतः उघडला का? रिव्ह्यूवरून उचललेलं वाक्य म्हणजे सांगोवांगी. पेपर मिळत नसेल तर तसं लिहा, पण मूळ पेपर वाचल्यासारखं दाखवू नका.

२. मोजलं काय, कुठे? मांडी की गाल? कोलॅजन की सुरकुती? आणि रुग्णाची तक्रार कशाची आहे?

३. एकाच व्यक्तीला पुन्हा पुन्हा मोजलं, की वेगवेगळ्या व्यक्तींमधून रेघ ओढली?

४. तुलना कशाशी? त्वचेच्या औषधात व्हेइकल आहे का? ब्लाइंडिंग खरोखर टिकलं असेल का?

५. अभ्यासात कोण होतं, आणि मी ज्या बाईबद्दल बोलते आहे ती त्यात होती का?

‘पाच वर्षांत तीस टक्के’ हा आकडा या पाचांतून गेल्यावर खोटा ठरत नाही. तो लहान होतो. पाळी गेल्यानंतर झाकलेल्या त्वचेतलं कोलॅजन घटतं, सुरुवातीला जास्त वेगाने घटत असावं, आणि हार्मोन्सचा त्याच्याशी संबंध आहे, इतकं तो सांगतो. चेहऱ्याला काय लावावं याबद्दल त्यात काही नाही.

गेल्या महिन्यात जर्नल क्लबमध्ये मी तीच जुनी स्लाइड पुन्हा लावली आणि विचारलं, “यात चूक काय आहे?” बराच वेळ शांतता. मग एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या एका मुलीने विचारलं, “ताई, हे चेहऱ्याचं मोजलंय का?” मला फार बरं वाटलं.

तुमच्या विषयातही असा एखादा आकडा असेल, सगळे सांगतात पण मूळ कुणी पाहिलेलं नाही असा. त्याचा माग काढा आणि काय सापडलं ते मला जरूर कळवा.